हंगामी कारखाने आणि सुरक्षेची जबाबदारी

बीड जिल्ह्यातील कारखानदारी मुख्यतः तीन गोष्टींवर उभी राहिली : कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, साखर आणि परळीची वीज. यांपैकी पहिल्या दोन हंगामी. दिवाळीच्या आगेमागे कापूस येऊ लागतो, उसाचे गाळपही त्याच सुमारास सुरू होते, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडची यंत्रे थांबतात. मधले चार-पाच महिने काम रात्रंदिवस चालते. कामगारांत थोडे कायम, काही ‘हंगामी कायम’, म्हणजे दर हंगामात पुन्हा कामावर घेतले जाणारे, उरलेले ठेकेदाराचे किंवा रोजंदारीचे. अशा ठिकाणी अपघात झाला तर जबाबदार कोण, हे कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांत टप्प्याटप्प्याने ठरवले. आणि बहुतेक टप्प्यांवर हंगामी कारखाने सर्वांत शेवटी कायद्याच्या कक्षेत आले किंवा बाहेरच राहिले.

मुंबईच्या गिरण्यांची पाहणी करण्यासाठी 1875 मध्ये आयोग नेमला गेला आणि 1881 मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती त्यातच आली. पण हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे राबत असतील आणि वर्षातून निदान चार महिने काम चालत असेल, अशाच कारखान्यांना लागू होता. जिनांचा हंगाम आखूड असल्याने त्यांपैकी बरेच त्यातून निसटले. खानदेशातल्या जिनांमध्ये बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत असल्याचे कारखाने निरीक्षकांच्या अहवालांतून पुढे आले, तरी कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर कामावर जखमी होणाऱ्यांना भरपाई देण्याची मागणीही होती. सुट्टी 1890 मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला 1923 उजाडले. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने 1911 च्या कायद्याने कक्षेत आले. 1934 च्या कायद्याने मात्र पुन्हा भेद केला : बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तास, हंगामी कारखान्यात 60. थकलेल्या हाताला यंत्र जास्त धोक्याचे असते, हे ठाऊक असूनही ही सवलत मालकांना दिली गेली.

बीड त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मराठवाडा भारतीय कायद्याखाली आला, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. कारखान्यांचे तपशीलवार नियम 1963 च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत आले.

जिनमधला धोका नेमका कुठे असतो, हे पाहिल्याशिवाय या नियमांचा अर्थ कळत नाही. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे दोन रूळ फिरतात, त्यांना पोलादी पाते भिडलेले असते. कापूस रुळाला चिकटून पुढे ओढला जातो, रुई एकीकडे पडते आणि सरकी खाली गळते. जुन्या जिनांत अशी यंत्रे ओळीने मांडलेली आणि त्यांना फिरवणारा लांब शाफ्ट जमिनीखालच्या चरात. शाफ्टपासून प्रत्येक यंत्रापर्यंत पट्टा. कापूस अडकला की यंत्र न थांबवता हाताने मोकळा करण्याची सवय सगळीकडे असे, कारण एक यंत्र थांबवायला कधी सगळी ओळ थांबवावी लागे. बोटे रुळात जात, लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडे. 1948 च्या कारखाने कायद्यात यावर दोन नेमकी कलमे होती. चालू यंत्राजवळ तेलपाणी किंवा दुरुस्ती करायची तर ती फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून (कलम 22). आणि प्रेसिंग कारखान्याच्या ज्या भागात कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रियांना व मुलांना कामाला ठेवता येत नसे. मधे छतापर्यंत भिंत असेल तरच थोडी सूट (कलम 27).

मग जबाबदारी कोणाची? 1948 च्या कायद्याचे उत्तर ‘भोगवटादार’ असे होते. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. त्याच्या खालोखाल व्यवस्थापक. त्याचेही नाव कारखाने निरीक्षकाला कळवावे लागे. कागदावर हे स्पष्ट होते, व्यवहारात मात्र कंपन्या एखाद्या पगारी अधिकाऱ्यालाच भोगवटादार म्हणून नोंदवत. खटला झाला तर तो त्या अधिकाऱ्यावर, संचालक मोकळे. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीने कंपनीच्या संचालकांपैकीच कोणी एक भोगवटादार धरला जाईल असे ठरले. कामगारांचे आरोग्य, सुरक्षा व कल्याण यांची काळजी घेणे हे त्याचे सर्वसाधारण कर्तव्य कलम 7अ मध्ये लिहिले गेले. जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. ही दुरुस्ती न्यायाची होती. यंत्रावर पैसा खर्च करायचा की नाही हे संचालक मंडळ ठरवते, तेव्हा न केलेल्या खर्चाचा जाबही त्यानेच द्यायला हवा.

बीडमध्ये साखर कारखानदारी सहकारातून वाढली : अंबाजोगाईजवळचा अंबा कारखाना, गढीचा जय भवानी, तेलगावचा माजलगाव कारखाना, परळीजवळ पांगरीचा वैद्यनाथ. सभासद हजारोंनी, मंडळ निवडून आलेले, रोजचा कारभार कार्यकारी संचालकाकडे. मालक सगळेच, म्हणून जबाबदार कोणीच नाही, अशी समजूत इथे सहज पसरते. कायदा ती मान्य करत नाही. अंतिम नियंत्रण कोणाचे, एवढेच तो विचारतो.

8 डिसेंबर 2017 रोजी पांगरीच्या वैद्यनाथ कारखान्यात गरम रसाच्या टाकीचा अपघात झाला. अनेक कामगार भाजले, त्यांतील काहींचा उपचार सुरू असताना मृत्यू झाला. साखर कारखान्यात गाळलेला रस शुद्ध करताना शंभर अंशांच्या आसपास तापवला जातो. हा रस अंगाला चिकटतो आणि कातडी सोलून काढतो. त्यामुळे टाकीचे पत्रे, जोड, झडपा यांची तपासणी हंगामाआधीच व्हावी लागते. गव्हाणीत मोळी पडल्यावर गाळप थांबवायला कोणी तयार नसते. मळीच्या टाकीचा धोका वेगळा. ती रिकामी दिसते, पण आत विषारी वायू साठलेला असतो. 1948 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे जाणकार व्यक्तीने आतली हवा तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनाचे साधन व दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय तिथे माणूस उतरवता येत नसे. देशभर अशा टाक्यांमध्ये पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावल्याची उदाहरणे आहेत. बॉयलरची तपासणी पुन्हा निराळ्या कायद्याखाली, बाष्पके संचालनालयाकडे असते.

कामगारावरही कर्तव्ये आहेत. सुरक्षेची साधने त्याने मुद्दाम निकामी करू नयेत, स्वतःला व इतरांना धोका होईल असे वागू नये (1948 च्या कायद्याचे कलम 111). मात्र हेच कलम पुढे करून प्रत्येक अपघात ‘कामगाराच्या निष्काळजीपणा’वर ढकलण्याची रीत चुकीची आहे. धोक्याची माहिती मिळवण्याचा आणि प्रशिक्षण मागण्याचा हक्क कामगाराला 1987 पासून आहे. हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. तो सल्ला देतो, त्याच्या नेमणुकीने भोगवटादाराची जबाबदारी संपत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक धोकादायक यंत्राचा वापर थांबवू शकतो. त्याने तपासणीत चूक पकडली नाही, हा मात्र मालकाचा बचाव होत नाही.

ठेकेदाराच्या माणसाबाबत कायदा बराच जुना आणि स्पष्ट आहे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 12 नुसार भरपाई मूळ मालकाने द्यायची, मग वाटल्यास ठेकेदाराकडून वसूल करायची असे. चूक कोणाची होती हे मृत्यूच्या प्रकरणात पाहिले जात नाही. 2020 पासून हिशेबासाठी महिन्याचे वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाऊ लागले. त्या दराने 25 वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई वेतनाच्या निम्म्याला 216.91 ने गुणून 16,26,825 रुपये येते. पण नाव हजेरीपटावर नसले की हा हिशेब सुरूच होत नाही. कुटुंबाची निम्मी ताकद तो तिथे कामाला होता हे सिद्ध करण्यात जाते. ऊसतोड मजुराची अवस्था याहून बिकट. कारखान्यासाठीच तो राबतो, पण त्याचे काम फडात, उचल मुकादमाकडून. त्यामुळे कारखाने कायद्याचे संरक्षण गेटच्या आतच राहते.

1948 च्या कारखाने कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास तिच्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. राज्य कामगार विमा योजनेतून मात्र हंगामी कारखाने 1948 पासून वगळलेले आहेत. कापसाचे जिनिंग, प्रेसिंग आणि साखर ही नावे त्या योजनेच्या कायद्याच्या व्याख्येतच होती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तशीच ठेवली आहेत. त्यामुळे बीडच्या जिन आणि साखर कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराला विम्याचा दवाखाना आणि विम्याचे निवृत्तिवेतन नाही. त्याला आजही मालकाकडेच भरपाई मागावी लागते.