सिकंदराच्या कानावरचं शिंग

थ्रेसचा राजा लिसिमाकस याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर सिकंदराचं मस्तक आहे. मोकळ्या केसांतून एक जाड शिंग निघून कानाला वळसा घालतं. त्याच्यावरच्या वळ्यासुद्धा कोरलेल्या आहेत. हे शिंग एडक्याचं, आणि ते इजिप्तचं.

एडका हे आमुन देवाचं रूप. कर्नाकच्या देवळापुढे एडक्याच्या तोंडाच्या सिंहांची दगडी रांग आजही आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनी या ग्रीक वसाहतीने आमुन आणि झ्यूस एकच मानले आणि शिंगवाला झ्यूस नाण्यांवर आणला. तेव्हा सिकंदर जन्मलाही नव्हता.

इ.स.पू. ३३२ मध्ये तो इजिप्तमध्ये शिरला. इराणी सुभेदाराने न लढताच देश त्याच्या हवाली केला. मेम्फिसला त्याने एपिस या पवित्र बैलाची पूजा केली. याच एपिसवर इराणी सम्राट कॅम्बायसिसने शस्त्र चालवल्याची कथा हेरोडोटसने लिहून ठेवली आहे, म्हणून ही पूजा मला मोठी वाटते. पुढच्या वर्षी तो वाळवंट तुडवत सिवाला आमुनचा कौल घ्यायला गेला. पुजाऱ्याने त्याला देवाचा पुत्र म्हणून हाक मारली.

लक्सरच्या देवळात, देवाची नाव ठेवायच्या गाभाऱ्याच्या भिंतीवर, त्याचं चित्र आहे. डोक्यावर फॅरोचा मुकुट, कमरेला आखूड वस्त्र, समोर आमुन. बाजूच्या लंबगोल चौकटींत चित्रलिपीत त्याची नावं आहेत. त्यांतल्या एकाचा अर्थ, रा देवाने निवडलेला, आमुनचा लाडका. ग्रीकपणाची खूण शोधून सापडत नाही. इजिप्तने जेत्याला आपल्या साच्यात बसवून घेतलं, आणि ते शिंग त्याचीच निशाणी आहे असं मी मानतो.

हयातीत त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज असे. शिंग आलं ते इ.स.पू. ३२३ मध्ये तो बाबिलोनला वारल्यावर. त्याचं शव इजिप्तला नेणारा सेनापती टॉलेमी याने नाण्यावर सिकंदराला हत्तीच्या कातड्याचं शिरस्त्राण घातलं. त्यात झेलमकाठच्या पौरवाशी झालेल्या युद्धाची आठवण असावी. कातड्याखाली कानशिलावर छोटंसं शिंग. लिसिमाकसने हत्ती काढला, शिंग ठेवलं. त्याचं नाणं व्यापाऱ्यांच्या इतकं विश्वासाचं झालं, की तो इ.स.पू. २८१ मध्ये लढाईत पडल्यावरही बायझँटियमसारखी शहरं पिढ्यानपिढ्या तेच पाडत राहिली.