धक्क्यामागचे पाणी

माझे अब्बा तांडेल होते. रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाशी आमचे गाव. बंदर म्हणावे असे तिथे काही नव्हते. वीस-पंचवीस होड्या, चार मचवे, संध्याकाळी म्हावऱ्याचा लिलाव आणि काळ्या दगडाचा एक जुना धक्का. त्या धक्क्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर भोके होती. ओहोटी लागली की त्यांतून पाण्याच्या धारा सुटायच्या. आम्ही पोरे त्याखाली हात धरायचो. ही भोके कशासाठी, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. धक्का वाकला तेव्हा पडला.

आपण किल्ल्यांचा इतिहास आवडीने वाचतो, ऐकतो. धक्क्यांचा इतिहास कोणी सांगत नाही. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्या कोकणी माणसाचा पाय मुंबईला लागला तो भाऊच्या धक्क्यावर. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू ज्ञातीतले गृहस्थ. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ते नोकरीला होते. कंपनी सरकारचे राज्य होते. अशा वेळी त्यांनी पुढाकार घेतला आणि 1841 साली धक्का उभा राहिला. कागदोपत्री त्याला काहीही म्हणोत, लोकांनी त्याला भाऊचेच नाव दिले. गव्हर्नरांच्या नावाची बंदरे लोक विसरले, भाऊ राहिले.

त्या आधी काय होत असेल, याची कल्पना ज्यांनी मुंबईची ओहोटी पाहिली आहे त्यांना येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई बंदरात पाणी साधारण पाच मीटर चढते-उतरते. म्हणजे दीड मजला. पूर्वेच्या बाजूला किनारा उथळ, सगळा चिखल. भरतीला जिथे गलबत तरंगते, तिथेच सहा तासांनी ते चिखलात कलते. मग उतारूंनी गुडघाभर चिखल तुडवावा, नाहीतर कोणाच्या तरी खांद्यावर बसून किनारा गाठावा.

धक्का बांधणाऱ्यासमोरचा पहिला प्रश्न म्हणून दगडाचा नसतोच, तो पाण्याच्या या चढउताराचा असतो. त्याला दोन उत्तरे. एक, भिंत खोल पाण्यापर्यंत पुढे न्यायची आणि तिला पायऱ्या द्यायच्या, म्हणजे पाणी कुठल्याही पातळीला असो, होडी कुठल्या ना कुठल्या पायरीला लागते. दुसरे, पाणीच कोंडायचे. भरतीला आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगत राहते. हे दुसरे उत्तर खर्चाचे. मुंबईत ते आधी दिले ते आल्बर्ट ससून यांनी. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातले हे गृहस्थ. समुद्रात भराव घालून त्यांनी कुलाब्याला 1875 मध्ये ससून गोदी बांधली. गोदी झाली कापसाच्या व्यापारासाठी. आज तिथे कापसाचा बोंडूही दिसत नाही. पहाटे जाऊन पाहा, बोंबील, कोळंबी, बर्फाचे चुरे आणि कोळणींचा आवाज. व्यापाऱ्याने बांधलेले शेवटी मासेवाल्यांचे झाले, याचा मला एक खलाश्याचा मुलगा म्हणून थोडा आनंद होतो.

भाऊच्या मूळ धक्क्याचे नशीब मात्र निराळे. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली. तिचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली एक बुडालेले जंगल सापडले, झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे! पुढे व्हिक्टोरिया गोदी झाली. 14 एप्रिल 1944 रोजी तिथेच ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि गोद्यांची पुनर्बांधणी करावी लागली. या साऱ्या उलाढालीत किनारा पुढे सरकत गेला आणि जुना धक्का भरावात गडप झाला. आज आपण ज्याला भाऊचा धक्का म्हणतो तो माझगावच्या बाजूचा, नंतरचा. जागा बदलली, नाव तेवढे सोबत आले.

या नावाला एक काळी किनारही आहे. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या घरी आजी पावसाळ्यात कोणाला बोटीने जाऊ देत नसे. कारण विचारले की फक्त “रामदास” एवढेच म्हणायची.

आता आमच्या धक्क्याकडे येतो. 1996 मध्ये त्याची दुरुस्ती निघाली. ठेकेदाराने दगडांवर सिमेंटचा जाड गिलावा केला आणि सगळी भोके बुजवून टाकली. भिंत गुळगुळीत झाली, फोटोत छान दिसली. अब्बा गवंड्याला म्हणाले, “भोकां कित्याक बुजवलांव? पानी जानार खंय?” गवंडी हसला. त्याला वरून तसे सांगितले होते.

अब्बांचे म्हणणे काय होते, ते मला एका निवृत्त इंजिनिअर स्नेह्याने नंतर उलगडून सांगितले. धक्क्याच्या भिंतीमागे माती-दगडांची भर असते. भरतीला ती भर पाणी पिते. ओहोटीला समोरचे पाणी झरझर उतरते, पण भरीतले पाणी तितक्या लवकर उतरत नाही. मग भिंतीच्या मागे पाण्याचा दाब आणि पुढे काहीच नाही. रोज दोनदा ही ढकलाढकली. भोके असली तर दाब निघून जातो. आमच्या भिंतीने नऊ वर्षे काढली. 2005च्या जुलैतल्या पावसाने भर आणखी भिजली आणि मधला भाग पोट सुटल्यासारखा पुढे आला. एक मचवा त्याखाली सापडला. सुदैवाने आत कोणी नव्हते. पण त्या नाखव्याच्या घरचे तो हंगाम कसे जगले, ते गावाला माहीत आहे.

नवा धक्का व्हायला 2014 साल उजाडले. हा सिमेंटच्या खांबांवर उभा आहे, पाणी खालून मोकळे वाहते, म्हणजे दाबाचा प्रश्नच नाही. खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंटला तडे पाडते, तेव्हा खांबांकडे लक्ष ठेवावे लागेल एवढेच. काम चांगले झाले आहे, खोटे कशाला बोलू.

फक्त पायऱ्या दिलेल्या नाहीत. एक लोखंडी शिडी आहे, भिंतीसारखी उभी. ओहोटीला होडी पार खाली असते आणि वर पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाया साठीच्या पुढच्या. मासे दोरीने वर ओढतात. अब्बांनी पायऱ्यांसाठी पहिला अर्ज केला होता. ते गेल्यावर दुसरा मी केला. तिसरा गेल्या महिन्यात टाकला, सोबत जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांचा एक फोटो जोडून. त्यात सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, मी बसलो आहे.