मिनी ट्रेनवाले शेठ आणि गरजूंचं छप्पर

कर्जत तालुक्यातली नेरळ-माथेरान मिनी ट्रेन रीलमध्ये तरी बघितलीच असेल. 1907 मध्ये ती सुरू झाली. बांधली अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी, पैसा वडील सर आदमजींचा. हे आदमजी लहानपणी मुंबईत काडेपेट्या विकायचे. पुढे शेठ झाले, आणि चर्नी रोडला गरजू बोहरा कुटुंबांना राहायला सॅनिटोरियम बांधलं.

आता मुद्दा. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीतले अडीच टक्के. त्यातून या महिन्याचं रेशन भरतं. पण वक्फ केलेली इमारत एरवी विकता येत नाही, वारसांतही वाटता येत नाही. म्हणजे शेठ गेले तरी छप्पर राहावं. नेरळ-खोपोलीत भाड्याने राहणाऱ्याला विचारा, रेशन मिळाल्यावरही रात्री झोप कशामुळे उडते!