विज्ञान, धम्म आणि आपला साक्री तालुका

विज्ञान आणि धर्म यांचे भांडण जुने आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या गॅलिलिओला १६३३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने दोषी ठरवले आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. म्हणून बऱ्याच शिकलेल्या मंडळींना वाटतं, विज्ञान आलं की धर्म गेलाच पाहिजे. बाबासाहेबांनी मात्र धर्म टाकून दिला नाही, त्याला कसोटी लावली.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा. मधली एकवीस वर्षे त्यांनी शोधात घालवली. याच काळात, ३१ जुलै १९३७ रोजी, ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. आजही आपण त्या दिवशी तिथे अभिवादनाला जातो. पुढे १९५० साली 'महाबोधी' मासिकातील लेखात त्यांनी कसोटी स्पष्ट केली : धर्म विज्ञानाला धरून असावा, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानावी आणि गरिबीला पवित्र ठरवू नये.

ही कसोटी तथागतांच्या शिकवणीशी जुळते. केसपुत्त गावच्या कालामांना त्यांनी सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो एवढ्यावरून काही मानू नका. त्यात हित आहे की अहित, हे स्वतः तपासा.

आता आपल्या तालुक्याकडे पाहू. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. शिवाजीनगरला सूर्याच्या उन्हापासून वीज होते. घरोघरी मोबाईल आले. आणि याच तालुक्यात, १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती अफवा मोबाईलवरूनच पसरली होती.

म्हणजे यंत्र गावात आलं, पण विज्ञान आलं नाही. विज्ञान म्हणजे 'हे खरं कशावरून?' असं विचारणं. प्रज्ञा असती तर कोणीतरी आधी खात्री केली असती. आणि नुसती प्रज्ञाही पुरत नाही. करुणा असती तर उगारलेला हात खाली आला असता. विज्ञान पहिली गोष्ट शिकवतं. धम्म दोन्ही शिकवतो.

बंधू-भगिनींनो, आजारी लेकराला दवाखान्याआधी भगताकडे नेताना, मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलताना, आपण कालामांसारखे थांबतो का? विहाराचा वर्धापनदिन साजरा करताना एवढा एक प्रश्न प्रत्येकाने घरी घेऊन जावा, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!