सामाईक मत्स्यालयातील तळवासी माशांचे आजार

सामाईक मत्स्यालयातील तळवासी माशांचे आजार म्हणजे अनेक जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात तळाशी राहणाऱ्या माशांना होणारे विकार होत. कोरिडोरास, प्लेको, बोटिया व कुहली लोच हे घरगुती मत्स्यालयांत नेहमी आढळणारे तळवासी मासे आहेत. माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न व कुजलेली पाने तळाशी साचतात, तसेच अनेक परजीवींच्या जीवनचक्रातील एक अवस्था तळावरच पूर्ण होते. त्यामुळे मत्स्यालयातील बिघाडाची पहिली चिन्हे बहुधा या माशांत दिसतात. यांपैकी अनेक आजारांचे मूळ कारण रोगजंतू नसून पाण्याची खालावलेली गुणवत्ता हे असते. म्हणून निदान करताना प्रथम पाणी, नंतर तळ, आहार व सहवासी मासे आणि शेवटी रोगजंतू असा क्रम पाळला जातो.

तळवासी मासे

कोरिडोरास हे दक्षिण अमेरिकेतील लहान मार्जारमीन असून त्यांच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. प्लेको या नावाने विकले जाणारे मासेही दक्षिण अमेरिकेतीलच असून त्यांचे तोंड चूषकासारखे असते. लोच गटातील माशांचे खवले अत्यंत बारीक व त्वचेत रुतलेले असतात. त्यामुळे औषधे व क्षार यांचा परिणाम त्यांच्यावर लवकर होतो. विदूषक लोच हा सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील मासा असून तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते व तो वारंवार आजारी पडतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने बोटिया स्ट्रायाटा म्हणजेच झेब्रा लोच ही जात महत्त्वाची आहे. अंगावर बारीक पट्टे असलेला हा मासा पश्चिम घाटात उगम पावणाऱ्या कृष्णा खोऱ्यातील नद्यांमध्येच आढळतो. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी हे मासे नदीतूनही पकडले जात असल्याने मत्स्यालयातील त्यांच्या मृत्यूचा संबंध मूळ अधिवासातील संख्येशी पोहोचतो.

भिवंडी व परिसरातील परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेले शहर कामवारी नदीकाठी वसलेले आहे. शहराला उल्हास नदीवर आधारित स्टेम योजना, मुंबई महानगरपालिकेची जलव्यवस्था आणि वऱ्हाळा तलाव यांतून पाणी मिळते. घरातील मत्स्यालयात बहुधा हेच नळाचे पाणी वापरले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शेष क्लोरिन अपेक्षित असतो. हे प्रमाण माणसास निर्धोक असले तरी माशांच्या कल्ल्यांना इजा करू शकते. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाल्यावर शुद्धीकरणातील तुरटी व क्लोरिन यांच्या मात्रा बदलतात. त्यामुळे उन्हाळ्यात निर्धोक ठरलेली पाणी बदलण्याची पद्धत पावसाळ्यात घातक ठरू शकते. नळाऐवजी टँकरचे वा कूपनलिकेचे पाणी वापरल्यास पाण्याचा जडपणा व पीएच अचानक बदलतो.

कोकणपट्टीतील उष्मा हा दुसरा घटक होय. २० अंश सेल्सियसला पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पाणी तापलेले असताना वीज गेल्यास पंप व गाळणी बंद पडतात. प्राणवायूची टंचाई प्रथम तळाशी जाणवते आणि काही तासांत गाळणीतील उपयुक्त जिवाणूही मरू लागतात. अशी गाळणी दीर्घ खंडानंतर तशीच सुरू केल्यास आत साचलेले दूषित पाणी टाकीत येते. म्हणून ती आधी टाकीतीलच पाण्याने धुतली जाते.

परिसरातील मासे बहुधा मुंबईतील कुर्ला व क्रॉफर्ड मार्केट येथील बाजारांतून आणले जातात. बंद पिशवीत माशांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो व पीएच उतरतो, तर उत्सर्जनामुळे अमोनिया साचतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात येतो. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर उघडी पिशवी तासन्‌तास तशीच ठेवत नाहीत आणि तिच्यातील पाणी टाकीत ओतत नाहीत.

निरोगी वर्तन व आजाराची लक्षणे

तळवासी माशांचे काही नैसर्गिक वर्तन आजार समजले जाण्याची शक्यता असते. कोरिडोरास आतड्यावाटेही हवेतील प्राणवायू घेतात. म्हणून त्यांचे अधूनमधून पृष्ठभागाकडे झेपावणे स्वाभाविक आहे. विदूषक लोच आडवे पडून विश्रांती घेतात. कुहली लोच दिवसा वाळूत वा पानांखाली दडून राहतात. प्लेको दिवसभर एका जागी चिकटून असतात.

पुढील लक्षणे मात्र आजाराची मानली जातात:

* कल्ल्यांची जलद हालचाल, किंवा पृष्ठभागाकडे वारंवार धाव घेणे
* पर अंगाशी मिटून ठेवणे
* दगडांवर वा वाळूवर अंग घासणे
* मिशा झिजणे, तुटणे किंवा त्यांची टोके लाल होणे
* पोट आत जाणे, किंवा अन्न खाऊनही कृश होणे
* अंगावर पांढरे ठिपके, करडे चट्टे वा कापसासारखे पुंजके
* पोटाकडील बाजूवर रक्ताळलेले डाग

निदानाचा क्रम

एकाच वेळी अनेक जातींचे मासे अस्वस्थ झाल्यास कारण बहुधा पाण्यात असते. आजार एका माशापासून सुरू होऊन दिवसागणिक पसरत असल्यास संसर्गाची शक्यता अधिक असते. केवळ तळवासी मासेच आजारी असल्यास तळाचा थर व आहार यांची तपासणी प्रथम केली जाते.

पाणी: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच व तापमान यांची मोजणी ही पहिली पायरी होय. पाणी स्वच्छ दिसणे हा पुरावा नव्हे, कारण अमोनिया व नायट्राइट रंगहीन असतात. प्रस्थापित मत्स्यालयात या दोन्हींचे प्रमाण शून्य असणे अपेक्षित आहे. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का किंवा किंचित अधिक भाग विषारी रूपात असतो, तर पीएच ८ असताना तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अमोनियाचे मोजलेले प्रमाण तेच राहूनही विषारीपणा सुमारे दहापट होऊ शकतो. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनवर परिणाम करून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो. अशा माशांचे कल्ले तपकिरी दिसतात व पाण्यात प्राणवायू असूनही ते धापा टाकतात. नवीन टाकीत नायट्रीकरण करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तळ: जाड वा धारदार खडीत मिशांना इजा होते व खडीच्या फटींत अन्न कुजते. मिशा झिजण्याचे कारण केवळ खडीची धार नसून घाणीतील जिवाणूंचा संसर्ग हेही असते. वाळूत नळी खुपसून ओढलेले पाणी काळपट व दुर्गंधीयुक्त असल्यास तळाची सफाई आवश्यक ठरते. ही सफाई एकदम न करता टप्प्याटप्प्याने केली जाते, अन्यथा साचलेली घाण पाण्यात मिसळते.

आहार: तळवासी मासे उरलेल्या अन्नावर जगतात, हा प्रचलित समज चुकीचा आहे. तरंगणारे खाद्य वरचे मासे संपवतात आणि तळातील मासे उपाशी राहतात. प्लेको इतर माशांची विष्ठा खाऊन टाकी साफ ठेवतो, हेही खरे नाही. बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवल्यानंतर देणे आणि प्लेकोस उकडलेली काकडी, दोडका अशा भाज्या देणे उपयुक्त ठरते.

सहवासी मासे: कोरिडोरास व लोच समूहाने राहतात. एकटा वा दोनच मासे ठेवल्यास ते भेदरलेले राहतात. आक्रमक सिक्लिड वा बार्ब मासे त्यांचे पर कुरतडतात व जखमांतून दुय्यम संसर्ग होतो.

प्रमुख आजार

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार: इक्थायोप्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा आजार लोच माशांत विशेष आढळतो. माशाच्या त्वचेखाली वाढलेला परजीवी गळून तळाशी जातो, तेथे कवच धारण करून विभागतो आणि त्यातून शेकडो पोहणारे जीव बाहेर पडतात. औषधांचा प्रभाव प्रामुख्याने या पोहणाऱ्या अवस्थेवरच होतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवत नाहीत. पाण्याचे तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत वाढवल्यास जीवनचक्र वेगाने पुढे सरकते व उपचार परिणामकारक होतो. मात्र त्या वेळी जादा हवा पुरवावी लागते आणि थंड पाणी मानवणाऱ्या कोरिडोरास जातींना हे तापमान सोसत नाही.

कॉलम्नॅरिस: फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूमुळे तोंडाभोवती व पाठीवर करडे-पांढरे चट्टे पडतात. तो बुरशीसारखा दिसल्याने बुरशीनाशक देण्याची चूक होते. हा जिवाणू उष्ण पाण्यात वेगाने वाढतो, म्हणून येथे तापमान वाढवणे अपायकारक ठरते. पांढऱ्या ठिपक्यांचा उपचार आणि या आजाराचा उपचार परस्परविरोधी असल्याने दोहोंतील फरक ओळखणे निर्णायक असते. ठिपके मिठाच्या कणांसारखे सुटे व उठावदार असतात, तर कॉलम्नॅरिसचे चट्टे पसरट व अनियमित असतात.

कृशता: अन्न खाऊनही पाठ धारदार व पोट खपाटीला गेलेले दिसणे हे आतड्यातील कृमींचे लक्षण असू शकते. नदीतून पकडलेल्या लोच माशांत हा विकार नेहमीचा आहे. त्यावर लेव्हामिसोल, फेनबेंडाझोल अशी कृमिनाशके वापरली जातात.

जलोदर: पोट फुगणे व खवले उभे राहणे हा स्वतंत्र आजार नसून मूत्रपिंड वा इतर अवयव निकामी होत असल्याचे लक्षण आहे. हाडांच्या पट्ट्या असलेल्या माशांत खवले उभे राहत नसल्याने तो उशिरा लक्षात येतो.

औषधोपचार

आजारी मासा शक्य असल्यास वेगळ्या टाकीत ठेवला जातो. या टाकीत वाळू नसते, पण लपण्यासाठी नळीचा वा मातीच्या भांड्याचा तुकडा असतो. बोटिया गटातील माशांच्या डोळ्याखाली व मार्जारमीनांच्या परांत काटे असतात. ते जाळीत अडकून इजा होते, म्हणून हे मासे भांड्यात वा डब्यात धरून हलवले जातात. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारात मात्र परजीवी तळावर असल्याने उपचार संपूर्ण टाकीचा करावा लागतो.

मात्रा ठरवताना पाण्याचे खरे आकारमान मोजणे आवश्यक असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीचे गणिती आकारमान सुमारे ५६ लिटर असते. वाळू, दगड व वरची रिकामी जागा वजा केल्यास पाणी ४५ लिटरच्या आसपास भरते. ५६ लिटरचा हिशेब धरल्यास औषध सुमारे एक चतुर्थांश जास्त पडते. मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषधांची मात्रा लोच व खवलेविरहित माशांसाठी बहुधा निम्मी ठेवली जाते. हे द्रव्य विषारी असून भारतात खाद्य मत्स्यशेतीत त्याचा वापर निषिद्ध आहे. तांबेयुक्त औषधे मृदू पाण्यात अधिक घातक असतात व गोगलगायी आणि कोळंबी यांचा नाश करतात. औषध देताना गाळणीतील कोळसा काढून ठेवतात, कारण तो औषध शोषून घेतो.

नायट्राइटची बाधा झाल्यास पाण्याचा काही भाग बदलण्याबरोबर १० लिटरला १ ग्रॅम साधे, आयोडीनविरहित मीठ दिले जाते. त्यातून मिळणारे सुमारे ६० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड कल्ल्यांतून होणारे नायट्राइटचे शोषण रोखते आणि इतके मीठ लोच माशांनाही सोसते. निदान न करता प्रतिजैविके वापरल्यास गाळणीतील जिवाणू मरून अमोनिया वाढू शकतो, शिवाय प्रतिरोधक रोगजंतू निर्माण होण्याचा धोका असतो.

विल्हेवाट व परिसंस्था

मेलेला मासा लगेच काढला जातो, कारण तळवासी मासे तो खाऊन संसर्ग ओढवून घेतात. आजारी वा नकोसे झालेले मासे नदी-तलावांत सोडणे घातक आहे. मत्स्यालयातून सुटलेले दक्षिण अमेरिकी प्लेको भारतातील अनेक जलाशयांत स्थिरावले असून ते मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या अन्न व अधिवासावर आक्रमण करतात. परजीवीही याच मार्गाने स्थानिक माशांपर्यंत पोहोचू शकतात. औषधयुक्त पाणी नैसर्गिक जलस्रोतात सोडणेही टाळले जाते.

प्रतिबंध

नवीन मासे तीन ते चार आठवडे वेगळे ठेवणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध मानला जातो. दर आठवड्यास पाण्याचा पाव भाग बदलणे, नवे पाणी सोडियम थायोसल्फेटने क्लोरिनमुक्त करणे व त्याचे तापमान टाकीतील पाण्याशी जुळवणे या नेहमीच्या उपाययोजना आहेत. एक मिलिग्रॅम क्लोरिनसाठी सुमारे ७ मिलिग्रॅम स्फटिकरूप थायोसल्फेट पुरते. गाळणीतील स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या टाकीच्या पाण्यात धुतल्यास उपयुक्त जिवाणू टिकून राहतात. वीज जाण्याची शक्यता असलेल्या भागांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवला जातो. वीज नसताना माशांना अन्न देत नाहीत.

हे सुद्धा पहा

* मत्स्यालय
* नायट्रोजन चक्र
* पश्चिम घाट
* केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, मुंबई
* तारापोरवाला मत्स्यालय