खळे गिळणारे यंत्र : सोयाबीनची सुगी, जुना हार्वेस्टर आणि हरवलेला मूकपट

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. येथील पैंजण तयार होण्याआधी अनेक उंबरे ओलांडते. कोठे चांदी आटते, कोठे तार ओढली जाते, कोठे कड्या जोडून डाक लावला जातो, कोठे घुंगरू बसतात आणि कोठे उजाळा मिळतो. एक वस्तू, अनेक हात, आणि प्रत्येक हाताची स्वतंत्र मजुरी. याच परिसरात उसाच्या फडांशेजारी खरिपाचे सोयाबीन उभे असते. ते काढणाऱ्या यंत्राची रीत मात्र नेमकी उलटी आहे. पूर्वी अनेकांनी अनेक दिवस केलेली कामे ते एकट्याच्या पोटात घालते. ‘कम्बाइन’ या नावाचा अर्थच तो: कापणी, मळणी आणि उफणणी यांचा संयोग.

अलीकडे सुगीत अशा यंत्रांचे मोबाइलवर चित्रीकरण होते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांतही जुन्या हार्वेस्टरची चित्रफीत निवडावी. नव्या यंत्राची केबिन बंद असते आणि बरेचसे काम पडद्यावरच्या आकड्यांवर चालते. जुन्या यंत्रात पट्टे, साखळ्या आणि चाळण्यांची थरथर उघडी दिसते, आणि चालक बराचसा कारभार कानाने करतो. ड्रमचा आवाज जड झाला की पीक ओले आहे किंवा यंत्र अधिक घास घेत आहे, हे त्याला उमगते. सोयाबीनची खालची शेंग जमिनीपासून चार बोटांवर असते, म्हणून पाते जवळजवळ मातीला टेकवून चालवावे लागते. थोडे वर उचलले की शेंगा बुडख्यालाच राहतात, खाली दाबले की दगडमाती आत शिरते. शिवाय या दाण्याचे कवच नाजूक. ड्रम वेगात फिरला तर दाण्याची डाळ होते आणि तो बियाण्याच्या कामाचा राहत नाही. म्हणूनच बियाण्याचे सोयाबीन मळताना ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

या यंत्राची वंशावळ लांबची आहे. अमेरिकेतील मिशिगन येथे हायरम मूर याने १८३६ साली कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते ओढण्यास अनेक घोडे लागत. १९२० च्या दशकात इलिनॉयमध्ये ते सोयाबीनच्या शेतात उतरले. भारतात ‘स्वराज’चा देशी बनावटीचा स्वयंचलित हार्वेस्टर १९८० मध्ये आला, तोही प्रामुख्याने पंजाबच्या गव्हासाठी. सोयाबीनचा मोठा पेरा आधी मध्य प्रदेशात वाढला आणि पुढे महाराष्ट्रात पसरला. म्हणजे यंत्र आणि पीक दोन्ही येथे पाहुणे. त्यांनी हटवले ते मात्र घरचे होते.

ते म्हणजे खळे.

बैलांच्या मळणीच्या काळात खळे ही केवळ धान्य मळण्याची जागा नव्हती. जमीन चोपून, शेणाने सारवून मध्यभागी तिवडा रोवला जाई. त्याभोवती बैलांची पात फिरे. मग वावडीवर उभे राहून, वाऱ्याची दिशा पाहून धान्य उफणले जाई. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. पण खरे महत्त्व त्यानंतरच्या घडीला होते. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग असे बलुतेदार खळ्यावर येत आणि वर्षभराच्या कामाचा वाटा धान्यात घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवहाराचे बारकाईने वर्णन आहे. सावकाराची नजरही याच राशीवर असे. थोडक्यात, गावातील कोणाचे कोणावर किती देणे आहे, याचा हिशेब वर्षातून एकदा उघड्यावर मांडला जाई.

या हिशेबाला सोवळे समजण्याचे कारण नाही. ज्याच्या श्रमाचा वाटा सर्वांत शेवटी आणि उपकार म्हणून सुपात पडे, त्याच्यासाठी खळे हे अपमानाचेही ठिकाण होते. आज खळ्याच्या आठवणींवर जे हळवे लेखन होते, त्यात ही बाजू सहसा गाळली जाते.

असे खळे कॅमेऱ्याने टिपले का? कोल्हापूरपुरते पाहिले तर हा प्रश्न चटका लावणारा आहे. कारण शेतकऱ्याचे कर्ज पडद्यावर आणण्याचे धाडस याच शहराने फार लवकर केले होते. बाबुराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांची चलती असताना १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ आणला: सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणाऱ्या शेतकऱ्याची कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पेंटरांनी १९३६ मध्ये त्याच विषयावर बोलपटही केला. पण १९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेटणारी आणि कालांतराने कुजून चिकट होणारी. भारतातील बहुतेक मूकपट असेच गेले. हाताने घडवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले शंभर वर्षांपूर्वीचे ते ग्रामीण जग आता वर्णनांतून आणि जुन्या छायाचित्रांतूनच कळते.

म्हणून सोयाबीनच्या साध्या चित्रफितीलाही दस्तऐवजाचे मोल आहे, मात्र ती यंत्रावरच खिळून राहता कामा नये. हार्वेस्टर का आला, याची कारणे शेताच्या कडेला दिसतात. सोयाबीन पिकते त्याच वेळी परतीचा पाऊस दारात असतो. शेंग वाळली की तडकते, भिजली की दाणा काळवंडतो. विळ्याने कापून गंजी लावायची, ताडपत्री झाकायची आणि मळणी यंत्राची वाट पाहायची, तर एका सरीने वर्षाची कमाई जाते. कापणीला मजूर मिळणे कठीण आणि उक्त्याचा दर चढता. अशा वेळी एकराचे काम तासा-दोन तासांत उरकणाऱ्या यंत्राला शेतकरी नाही कसे म्हणणार? पण टाकीतला माल थेट ट्रॉलीत पडतो आणि ट्रॉली अडतीकडे वळते. रास लागत नाही, ‘लाभ’ म्हटले जात नाही. देणे-घेणे संपलेले नाही. ते शेतातून उठून पावतीवर, बँकेच्या खात्यात आणि सोसायटीच्या वहीत गेले आहे, जेथे कॅमेरा पोहोचत नाही.

एक जुना वाटा मात्र अजून शेतातच आहे. कापलेल्या रानात मागे राहिलेले वेचण्याला सरवा म्हणतात, आणि हार्वेस्टर गेल्यावर सोयाबीनचा सरवा वेचायला बायका रानात उतरतात. बुडख्याला राहिलेल्या खालच्या शेंगा, पात्याने उडवलेले दाणे, वळणावर सुटलेली ताटे, हे सगळे पदरात गोळा होते. यंत्र बांधावरून रस्त्याला लागले की बहुतेक चित्रफिती संपतात; सरवा त्यानंतर सुरू होतो.