डेटास्टेजमधील जॉब लॉगची सफाई

डेटास्टेज या विदा-एकात्मीकरण साधनातील कामांच्या साठलेल्या नोंदी पटलावरून एकेक न पुसता आज्ञांच्या संचाद्वारे, म्हणजेच स्क्रिप्टद्वारे रिकाम्या करण्याच्या प्रक्रियेस जॉब लॉगची सफाई म्हणतात. डेटास्टेज हे उत्पादन मूळचे व्हीमार्क या कंपनीचे. पुढे ते आर्डेंट, इन्फॉर्मिक्स व असेन्शियल या कंपन्यांकडे गेले आणि २००५ मध्ये आयबीएमच्या मालकीचे झाले.

नोंदींची साठवण

डेटास्टेजमधील प्रत्येक जॉबची सुरुवात, इशारे, घातक त्रुटी व समाप्ती यांची नोंद होते. पारंपरिक रचनेत या नोंदी युनिव्हर्स या विदागाराच्या हॅश धारिकांमध्ये राहतात. धारिकेच्या नावात जॉबचे नाव नसते. 'आरटी लॉग' या अक्षरांपुढे जॉबचा अंतर्गत क्रमांक जोडलेला असतो. हा क्रमांक प्रकल्पाच्या 'डीएस जॉब्ज' या धारिकेत सापडतो.

सफाईची गरज

मूळ ३२-बिट रचनेत अशा धारिकेस सुमारे २ गिगाबाइटची मर्यादा असते. प्रत्येक ओळीमागे इशारा देणारा जॉब ही मर्यादा लवकर गाठू शकतो. त्यानंतर धारिका बिघडून जॉब चालेनासा होण्याची शक्यता असते. ठरावीक दिवसांपेक्षा किंवा ठरावीक फेऱ्यांपेक्षा जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सोय साधनातच आहे. मात्र प्रकल्पपातळीवर केलेली ही निवड नंतर तयार होणाऱ्या जॉबनाच लागू होते. जुन्या जॉबसाठी ती स्वतंत्रपणे करावी लागते. शेकडो जॉबच्या प्रकल्पात त्यामुळे स्क्रिप्टचा आधार घेतला जातो.

कार्यपद्धती

स्क्रिप्ट प्रथम डेटास्टेजचे पर्यावरण-चल वाचते व प्रकल्पाच्या निर्देशिकेत जाते. त्यानंतर ती जॉबच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधते आणि युनिव्हर्सची 'क्लिअर डॉट फाइल' ही आज्ञा त्या क्रमांकाच्या लॉग धारिकेवर चालवते. या आज्ञेने धारिका रिकामी होते, पण नष्ट होत नाही. कार्यप्रणालीच्या आज्ञेने धारिकाच काढून टाकणे ही वेगळी कृती असून तीमुळे जॉब निकामी होऊ शकतो.

मर्यादा व दक्षता

क्रमांक प्रकल्पानुसार बदलतात. जॉब चाचणी प्रकल्पातून प्रत्यक्ष वापराच्या प्रकल्पात नेल्यावर त्याला तोच क्रमांक मिळेल असे नाही. स्क्रिप्टमध्ये क्रमांक कायमचा लिहून ठेवल्यास भलत्याच जॉबच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक वेळी तो नावावरून शोधणे आवश्यक ठरते.

'क्लिअर डॉट फाइल' ही आज्ञा जुन्या व नव्या नोंदींत फरक करत नाही. आपोआप सफाईची मांडणीही याच धारिकेत असल्याने तीही पुसली जाते. ती पुन्हा न केल्यास धारिका पूर्वीसारखीच वाढू लागते. अयशस्वी फेरीचे कारण शोधण्यासाठी लागणारा पुरावाही नाहीसा होतो. त्यामुळे 'डीएसजॉब' या आज्ञेद्वारे नोंदी आधी मजकूर-धारिकेत उतरवून घेतात आणि जॉब चालू नसतानाच सफाई करतात.

आठव्या मालिकेतील आवृत्त्यांत नोंदी सामायिक रिपॉझिटरीत ठेवण्याचा पर्यायही आहे. तो निवडलेल्या प्रकल्पात रिपॉझिटरीतील नोंदींवर वरील आज्ञेचा परिणाम होत नाही.